शेवंतीच्या दोन जुड्या

आपट्याची पानं टोकियोत मिळत नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी कुणाच्या हातावर काय ठेवायचं, हा प्रश्न इथं राहायला आल्यापासून दरवर्षी पडतो. निशिकासाईत आपली माणसं पुष्कळ आहेत, एकमेकांकडे जाऊन श्रीखंड खाऊन येतो, पण सोनं काही लुटता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, पानं नाहीत तर नाहीत, फुलं देऊ. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटच्या दारात पाण्याच्या बादल्या असतात, त्यांत फुलांच्या जुड्या उभ्या करून ठेवतात. त्या दिवशी शेवंती होती. पांढरी, पिवळी, मधे एखादं जांभळं फूल, मागे गडद हिरव्या पानांची डहाळी. जुडी समोरून पसरट, पाठीमागून सपाट, पारदर्शक कागदात गुंडाळलेली. मी वाकून वास घेतला आणि तिथंच थबकले. तोच वास. थोडा कडवट, थोडा ओल्या मातीचा, बोटांना चिकटून राहणारा. वाईच्या घरातला अख्खा दसरा त्या बादलीत उभा होता. कागदावर दोन कांजी अक्षरं छापलेली होती. ती मला वाचता येत नव्हती आणि वाचावीत असं वाटलंही नाही. सणाला एकटंदुकटं काही देऊ नये म्हणून एक नाही, दोन जुड्या घेतल्या.

आमच्याच मजल्यावर टोकाच्या घरात एक आजी एकट्या राहतात. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या व्यायामासाठी बागेत हजर. लिफ्टमध्ये भेटलं की हवापाण्याचं बोलायचं, कचऱ्याचा दिवस बदलला की त्यांनी आठवण करायची, एवढाच तोवरचा परिचय. नऊवारी नाही पण पैठणी नेसून, परकर-पोलक्यातल्या लेकीला घेऊन मी त्यांची बेल वाजवली. आजी दारात आल्या, साडीचं तोंडभरून कौतुक केलं. मी वाकून, इथल्या रीतीनं दोन्ही हातांनी जुड्या पुढे केल्या. "आज आमचा मोठा सण आहे." त्यांनी हात पुढे केले, पण मधे एक क्षण गेला. पापणी लवायला लागतो तेवढाच. मग दोन्ही जुड्या छातीशी धरून त्या कमरेतून खोल वाकल्या. इतक्या खोल, की मला संकोच वाटला.

तो क्षण माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

घरी येऊन लेक पोलक्याची नाडी सोडवत म्हणाली, "आई, ती ओहाकाची फुलं होती." ओहाका म्हणजे कबर. म्हटलं, तुला कुणी सांगितलं? ती तेव्हा पहिलीत होती. "सगळ्यांना माहीत असतं," ती म्हणाली, आणि खेळायला गेली. रात्री मी फोनवर ती दोन अक्षरं शोधून काढली. पहिलं बुद्धाचं, दुसरं फुलाचं. उच्चार 'बुक्का'. विठोबाच्या कपाळाला लागतो तो बुक्का मला माहीत होता. हा बुक्का म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांपुढे ठेवायची फुलं. जपानी घरात पूर्वजांचा देव्हारा असतो, बुत्सुदान. मेलेल्या माणसाला इथं आदरानं 'होतोके', म्हणजे बुद्धच, म्हणतात. त्या देव्हाऱ्यासमोर दोन्ही बाजूंना दोन फुलदाण्या असतात, म्हणून या जुड्या जोडीनं घेतात. फुलं एकाच बाजूनं बघायची असतात, म्हणून जुडी पाठीमागून सपाट. माझ्या हातून एकही चूक राहिली नव्हती. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईच्या हातात सणाच्या दिवशी, हसत हसत, मी मयताच्या फुलांची अगदी बिनचूक जोडी ठेवून आले होते.

माफी मागावी तर कशी मागावी, हेही कळेना. माफी मागायची म्हणजे त्यांना परत ते सगळं ऐकायला लावायचं, आणि वर त्यांनीच "छे छे, काही नाही" म्हणत माझी समजूत घालायची. नवरा म्हणाला, त्यांना कळलं असेल, आपण परदेशी आहोत. पण "परदेशी आहे" म्हणून मिळालेली माफी मला नको होती. रात्री झोप येईना तेव्हा मनात शेवंतीच येत राहिली, पण वाईची. नवरात्र लागलं की माझी आजी ओट्यावर सूप घेऊन बसायची. सुपात शेवंतीचा ढीग, बाजूला मरव्याच्या काड्या, वाटीत पाण्यात भिजलेला केळीचा दोरा. देठ बोटभर ठेवून ती फुलं जोडीजोडीनं दोऱ्यात अडकवायची, मधे मरवा, आणि अंगठ्यानं गाठ अशी आवळायची की फूल मोडू नये आणि हलूही नये. आळीतल्या पोरीबाळी, सुना, माहेरवाशिणी, सगळ्या तिच्यापुढे पाठमोऱ्या बसायच्या. ती केसांत वेणी खोवायची, दोन बोटांनी चाचपून बघायची आणि पाठीवर हलकी थाप मारायची, की झालं, ऊठ. मग पुढची. तिच्या बोटांना दसऱ्यापर्यंत पिवळट-हिरवा रंग चढलेला असायचा आणि ती भाकरी वाढायला आली की भाकरीआधी शेवंतीचा वास यायचा. शेवटी सूप झटकून उठायची. माझ्या लेखी शेवंती म्हणजे हे सगळं. तिच्यात कुणाचं मरण असेल, हे मनात यायला जागाच नव्हती.

त्यानंतर काही आठवडे मी फुलांना घाबरूनच होते. अनोळखी घरात अंधारात चालताना पाय जपून टाकतो तसं झालं. इथल्या मैत्रिणींना विचारत गेले तशी नवीनच वाट दिसायला लागली. आजारी माणसाला कुंडीतलं झाड देत नाहीत, कारण झाड मूळ धरतं. मूळ धरणं आणि अंथरूण धरणं, दोन्हींचा जपानी उच्चार एकच, 'नेत्सुकु'. त्सुबाकी म्हणजे कॅमेलिया, हिवाळ्यात फुलणारं फार देखणं फूल, पण त्याच्या पाकळ्या सुट्या गळत नाहीत, अख्खं फूल धपकन खाली पडतं, मान तुटावी तसं. म्हणून तेही रुग्णाकडे नेत नाहीत. सायक्लामेनला इथं 'शिकुरामेन' म्हणतात, त्यात 'शि' आणि 'कु' येतात, मरण आणि वेदना, तेही नको. फुलं मोजून द्यायची तर चार नकोत, नऊ नकोत, त्या आकड्यांचे उच्चारही 'शि' आणि 'कु'च. एका फुलवाल्याच्या दुकानात प्रत्येक फुलापुढे छोटी चिठ्ठी असते, हानाकोतोबा, फुलांची भाषा. पांढरी शेवंती: सत्य. तांबडी: प्रेम. पिवळी: भंगलेलं प्रेम. मैत्रीण म्हणाली, ही चिठ्ठ्यांची भाषा फार जुनी नाही, मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, युरोपातून आली आणि इथं रुजली. आजिसाई, म्हणजे पावसाळ्यात जागोजाग फुलणारं हायड्रेंजिया, मातीत आम्लता असेल तर निळं होतं, नसेल तर गुलाबी, म्हणून तिचा अर्थ 'चंचल मन'. पण मदर्स डेला तिच्या कुंड्या विकायला लागले तेव्हा चिठ्ठीवर 'घरच्यांचा मेळ' असं लिहून आलं, कारण लहान लहान फुलं एकत्र गुच्छात असतात. या चिठ्ठ्या मला आवडत नाहीत. अर्थ असा फुलावर लेबलासारखा डकवता येतो, हे मनाला पटत नाही. नेत्सुकुची भीती मात्र पटते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या कुणाच्या तरी पोटात गोळा उठला असेल, त्यातून ती आली आहे.

आणि शेवंतीचं तर मला काही केल्या जुळेना. दसऱ्याच्या त्या दिवशी सुपरमार्केटात मला सुट्ट्या पैशांत पन्नास येनचं नाणं परत मिळालं होतं. मधे भोक, आणि भोकाभोवती शेवंतीची फुलं. शंभराच्या नाण्यावर साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, पन्नासाच्या नाण्यावर किकु, म्हणजे शेवंती. जपानी माणसाच्या पासपोर्टवर सोनेरी शेवंती असते, सोळा पाकळ्यांची. सम्राटाच्या घराण्याचं चिन्हही सोळा पाकळ्यांचीच शेवंती. बाराव्या-तेराव्या शतकातल्या गो-तोबा सम्राटाला हे फूल इतकं प्रिय होतं, की त्यानं ते आपल्या वस्तूंवर उमटवून घेतलं, आणि १८६९ मध्ये ते रीतसर राजघराण्याचं झालं. शिवाय शेवंती म्हणजे दीर्घायुष्य. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी शेवंतीचा सण असतो. जुन्या काळी दरबारातल्या बायका आदल्या रात्री शेवंतीवर कापसाचे पेळू अंथरून ठेवत आणि सकाळी दवानं भिजलेल्या त्या कापसानं चेहरा पुसत, म्हातारपण लांब राहावं म्हणून. त्या कापसाला रात्रभर शेवंतीचा वास लागत असणार. आयुष्य वाढावं म्हणून चेहऱ्याला लावायचं फूल, आणि आयुष्य संपल्यावर पुढ्यात ठेवायचं फूल, दोन्ही एकच कसं?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आजींनी आमच्या टपालपेटीत एक चिठ्ठी टाकली. माझ्यासाठी मुद्दाम सगळ्या कांजींवर बारीक अक्षरात उच्चार लिहिले होते. शिंजुकु ग्योएनमध्ये शेवंतीचं प्रदर्शन सुरू झालं आहे, तुम्हांला हे फूल आवडतं असं दिसतं, सोबत याल का?

आम्ही गेलो. तोझाई लाईननं कुदानशिता, तिथं गाडी बदलून शिंजुकु-सान्चोमे. आजी उभ्यानंच आल्या, जागा दिली तरी बसल्या नाहीत. हे प्रदर्शन दरवर्षी १ ते १५ नोव्हेंबर असतं, पूर्वी ही बाग राजघराण्याची होती. बांबूच्या मांडवांत शेवंती ठेवलेली असते, एकेका मांडवात एकेक प्रकार, आणि माणसं देवळात बोलावं तेवढ्या हळू आवाजात बोलत पुढे सरकतात. एक होती इचिमोंजी, एकेरी सपाट पाकळ्यांची, ताटलीएवढी, राजचिन्हाशी थेट नातं सांगणारी; पाकळ्यांना खाली पडू नये म्हणून कागदी चकतीचा आधार दिला होता. एक एदोगिकु, हिच्या पाकळ्या उमलल्यावर थांबत नाहीत, पुढे कित्येक दिवस वळत, मुडपत राहतात आणि फूल रूप बदलत जातं. कड्यावरून धबधबा कोसळावा तशी खाली झेपावणारी केंगाई. आणि सगळ्यांत शेवटी ओझुकुरी. मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. घुमटासारखी ओळीत बसलेली शेकडो फुलं, सगळी एका उंचीची, एका वयाची, आणि वाकून बघितलं तर बुडाशी एकच खोड. एका रोपाची एवढी फुलं. आजी म्हणाल्या, एक झाड असं करायला माळ्यांना जवळजवळ वर्ष लागतं, आणि पंधरा दिवसांत संपतं.

त्या झाडासमोरच्या बाकावर त्यांनी डबा उघडला, ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, होते. मला तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, त्या दिवशी माझ्याकडून फार मोठी चूक झाली. त्यांनी ओनिगिरीचा कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "आमचे हे किकुच्या घरातले." त्यांच्या यजमानांचं गाव अत्सुमीच्या द्वीपकल्पावर, आइची प्रांतात. तिथं शेवंतीची शेती. शेवंती दिवस लहान झाल्यावर फुलते. म्हणून तिथले शेतकरी काचेच्या घरांत रात्री दिवे लावतात, रोपांना वाटतं दिवस अजून मोठाच आहे, आणि ती कळी धरत नाहीत. नववर्ष, हिगान, ओबोन, लोक जेव्हा कबरींवर जातात तेव्हा फुलं हवी असतात, त्या हिशेबानं दिवे विझवायचे. "लग्न होऊन पहिल्यांदा गेले तेव्हा रात्रीची गाडी होती. अंधारात जिकडे तिकडे काचेची घरं पेटलेली. मला वाटलं, समुद्रात मासेमारीच्या होड्या आहेत. यांना विचारलं तर म्हणाले, फुलांना रात्र कळू देत नाही आम्ही." यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आजी गुडघ्यांमुळे महिनाभर फुलवाल्याकडे गेल्या नव्हत्या. "सकाळी त्यांना म्हटलं होतं, आज पाणी नुसतंच आहे हं. आणि संध्याकाळी तुम्ही आलात, किमोनोसारखं चमचमणारं नेसून, आणि जोडीनं." त्या एवढंच बोलल्या. मग मला मधला क्षण कळला. कळला असं मला वाटतं. त्यात नुसता धक्का नव्हता, आणि नुसती कृतज्ञताही नसेल. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर आमचं येणंजाणं सुरू झालं. वसंतात शिनकावाच्या काठी साकुरा बघायला गेलो. साकुराबद्दल सगळेच लिहितात. मला त्यात घालण्यासारखं फार नाही. यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत साकुरा फुलल्याचं हवामान खातं जाहीर करतं, कॅमेरे लागलेले असतात, आणि पुढे जेमतेम दोन आठवड्यांत पाकळ्या पाण्यावर येतात. नदीवर पाकळ्यांचा जो थर तरंगतो त्याला ते फुलांचा तराफा म्हणतात. मला आमच्या परसातला प्राजक्त आठवला, जमिनीवर पडलेलाच देवाला चालणारा. आजींना सांगितलं तर त्यांना ते फार आवडलं, पण 'गळणं' या शब्दापाशी त्या थांबल्या. युद्ध संपलं तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. त्यांचा धाकटा मामा १९४५ च्या वसंतात गेला तो आला नाही. तेव्हा पोरांना साकुरासारखं गळून पडायला शिकवत. माणूस आत बसवून जहाजांवर सोडायच्या एका विमानालाही 'ओका', साकुराचं फूल, हेच नाव दिलं होतं. पुढे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल तारेनं यायचा तेव्हा पास झाला तर 'साकुरा फुलला', नापास झाला तर 'साकुरा गळला' असं लिहीत. आजींच्या मुलाला दुसरी तार आली होती. "त्यांनी काहीतरी दुसरं लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या, "आईनं ती हातात घेतली होती." त्यांची आई तेव्हा त्यांच्याकडेच राहायची. मामाची बहीण.

उन्हाळ्यात आसागाओ आला. इथं पहिलीतल्या प्रत्येक मुलाला शाळेत एक कुंडी मिळते, निळसर प्लॅस्टिकची, तिच्यात ते सकाळी फुलून दुपारी मिटणाऱ्या या वेलीचं बी लावतात, बाटलीनं पाणी घालतात, चित्रं काढतात. जुलैमध्ये सुट्टी लागताना ती कुंडी घरी आणायची असते. आदल्या वर्षी आमची कुंडी मीच, वेल गळ्यात गुंडाळून, उन्हातून आणली होती. शरदात लेकीनं बी काढलं, थोडं शाळेत पहिलीत येणाऱ्या नव्या मुलांसाठी ठेवलं आणि थोडं कागदाच्या पुडीत आजींना दिलं. हे बी मुळात चीनमधून औषध म्हणून आलं, पोट साफ व्हायला. आपल्याकडे काळादाणा म्हणतात तोच. आजींच्या गॅलरीत ते जाळीवर चढलं आणि ऑगस्टभर त्यांच्याकडे रोज सकाळी किती फुलं आली याचा आकडा लेक धावत जाऊन घेऊन यायची.

सप्टेंबरात हिगान. दिवस-रात्र समान होतात त्याच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन दिवस, लोक पूर्वजांच्या कबरी धुवायला जातात. आपला पितृपक्षही साधारण तेव्हाच. आजी आम्हांला सायतामात किन्चाकुदा नावाच्या जागी घेऊन गेल्या, नदीच्या वळणात झाडांखाली लाखो हिगानबाना फुललेल्या. लालभडक, पानं नाहीत, नुसता दांडा आणि वर आगीच्या जिभांसारख्या वळलेल्या पाकळ्या. फूल असतं तेव्हा पान नसतं, पान येतं तेव्हा फूल गेलेलं असतं. दोघांची कधी गाठ पडत नाही. कंद विषारी, म्हणून शेताच्या बांधावर आणि कबरींभोवती लावत, उंदीर-चिचुंद्र्यांनी पोखरू नये म्हणून. जपानातल्या या झाडाला बी धरत नाही. म्हणजे जिथं म्हणून हिगानबाना दिसते तिथं कधीतरी कुणीतरी हातानं कंद पुरलेला आहे. लेकीनं एक तोडायला हात घातला तर आजींनी चटकन तिचं मनगट धरलं: घरी नेली तर घराला आग लागते म्हणतात. परत आल्यावर त्यांनी ओहागी दिल्या. चिकट भाताचा गोळा आणि बाहेरून लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, म्हणजे उलटीच पुरणपोळी. हाच पदार्थ वसंतात केला तर 'बोतामोची', बोतान फुलावरून. शरदात केला तर 'ओहागी', हागी फुलावरून. मी त्यांना आमच्या श्राद्धाचं सांगत होते, माक्याची पानं, पांढरी फुलं, कावळ्याची वाट बघणं, आणि सांगता सांगता आजीच्या वेण्यांवर आले.

आजींनी विचारलं, "आणि त्या स्वतः कुठलं फूल माळायच्या?"

माझ्या हातातली ओहागी तशीच राहिली. मी आठवून बघितलं. आजीचे केस मला स्वच्छ दिसतात, तेल लावून मागे घट्ट बांधलेला बुचडा, काळा आकडा. फूल नाही. एकदाही नाही. आजोबा गेले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं आळीभरच्या बायकांसाठी शेवंतीच्या वेण्या केल्या आणि सूप झटकून उठली. हळदीकुंकवाला तिला बोलवत नसत, फुलं मात्र तिच्याच हातची हवी असत. मी तिच्यापुढे पाठमोरी बसत होते, त्यामुळे तिचा चेहरा मला कधी दिसलाच नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. ती बातमी मी इथंच, याच घरात बसून वाचली होती, अभिमानानं चार जणांना पाठवलीही होती. तेव्हासुद्धा आजी आठवली नव्हती. वर्षभर मी जपानी शेवंतीतलं मरण वाचायला शिकत होते. हे सगळं मला जपानीत सांगता येईना. शब्द नव्हते असं नाही. शेवटी म्हटलं, "त्या माळत नव्हत्या. नवरा गेलेल्या बायकांनी फुलं माळायची नाहीत असं आमच्याकडे होतं." आजी काही बोलल्या नाहीत. चहा ओतला.

गेल्या दसऱ्याला मी श्रीखंडच करून द्यायचं ठरवलं होतं. पण दुपारी त्याच आल्या. हातात फुलवाल्याकडची कागदी पिशवी, रिबीन लावलेली. आत शेवंती. लहान लहान, चेंडूसारख्या गोल फुलांच्या डहाळ्या, पिवळ्या आणि फिकट हिरव्या. दुकानात जाऊन सणाला चालेल अशी किकु द्या म्हणून त्यांनी मागितली होती. ही हल्ली लग्नाच्या गुच्छांतही घालतात, आणि दुकानदार तिला किकु म्हणतच नाहीत, 'मामु' म्हणतात, म्हणजे मरणाची आठवण नको. आजींना ते नाव काही आवडलेलं नव्हतं. "किकुच ती," त्या म्हणाल्या, आणि विचारलं, "त्या आजी करायच्या तसं करून दाखवाल?"

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. सूप नाही, ताट घेतलं. मरवा नाही, रोझमेरीच्या काड्या होत्या. केळीचा दोरा कुठला, लेकीच्या हस्तकलेच्या पेटीतला जाड सुती दोरा पाण्यात बुडवला. पहिल्या दोन गाठींना फुलं मोडली. मग अंगठ्याला आठवलं. आजी समोर बसून बघत होत्या, मधेच एक फूल उचलून नाकाशी धरलं. त्यांच्यासाठी तो वास देव्हाऱ्यातल्या उदबत्तीशेजारचा, अत्सुमीच्या काचेच्या घरातला. माझ्यासाठी ओट्यावरचा. टेबलावर तो एकच वास होता. वितभर वेणी झाली. लेक पाठमोरी बसली, तिला माळली. उरलेल्या फुलांची दुसरी केली, ही यजमानांच्या फोटोपुढे न्यायला देऊ म्हणून कागदात ठेवायला लागले, तर आजींनी हात आडवा धरला.

"ही कुठं लावायची असते?"

मी स्वतःच्या मानेवर, केस बांधतो तिथं, हात ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, घडी करून वर्तमानपत्रावर ठेवला, आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. केस पांढरे, बारीक, कापलेले. मला कुणाला पाठमोरं बसवून वेणी माळायची सवय नाही; मी नेहमी बसणारीच होते. एक आकडा लावला, सुटला. दुसरा लावला, तोही घसरला. लेक आत धावत गेली आणि स्वतःच्या दोन चांदण्यांच्या क्लिपा घेऊन आली. त्या बसल्या. मी दोन बोटांनी चाचपून बघितलं.

मग पाठीवर हलकी थाप मारली.